न दिसणाऱ्या ताऱ्याच्या पोटातील द्रव्य

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात नवेगाव बांध येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मजसारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या एका निवृत्त शिक्षकास आपण या व्यासपीठावर बोलण्याची संधी दिलीत, याबद्दल मी कार्यकारी मंडळाचा ऋणी आहे. या मेळाव्यात समाजाचा इतिहास, विवाहातील अनिष्ट चाली, शेतीचे प्रश्न यांवर दरवर्षी उद्बोधक भाषणे होतात. आज मी थोडा दूरचा विषय निवडला आहे. किती दूरचा म्हणाल, तर तेरा कोटी प्रकाशवर्षे दूरचा. परंतु या विषयाची एक वाट आपल्याच महाराष्ट्रातून, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथवरून जाते. आणि त्या वाटेवर आपली मुले चालावीत, अशी माझी इच्छा आहे. यास्तव आपण थोडा वेळ धीर धरावा, ही प्रार्थना.

प्रथम आपल्या डोळ्यांसमोरच्या गोष्टीपासून आरंभ करू. आपला बांध कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला, असे परंपरा सांगते. त्याच्या पाळीवर उभे राहून पाण्यात खडा टाकला की लहरी उठतात आणि काठाकडे येतात. खडा कोठे पडला हे न पाहताही, केवळ काठावर आलेल्या लहरींवरून तो लहान होता की मोठा, जवळ पडला की दूर, याचा अंदाज जाणत्या मनुष्यास करता येतो. लहर ही अशा प्रकारे बातमी आणणारी असते. आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९१६ साली गणिताने असे दाखविले की, प्रचंड वस्तुमानाचे गोल एकमेकांभोवती वेगाने फिरू लागले म्हणजे खुद्द अवकाशातच लहरी उठतात आणि प्रकाशाच्या वेगाने सर्व दिशांस पसरतात. यांनाच गुरुत्वीय लहरी म्हणतात. तलावातील लहरीत पाणी वरखाली होते. या लहरीत अवकाश एका दिशेने किंचित ताणले जाते व तिच्याशी काटकोनात असलेल्या दिशेने किंचित आक्रसते, आणि पुढच्याच क्षणी याच्या उलट घडते.

हे ताणणे व आक्रसणे इतके सूक्ष्म असते की, ते पकडण्यास मनुष्यजातीला शंभर वर्षे लागली. अमेरिकेतील हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथे 'लायगो' नावाच्या दोन वेधशाळा आहेत. प्रत्येकीस एकमेकींशी काटकोन करणाऱ्या, चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या आहेत. त्यांतून लेझरचा किरण दोन्हीकडे धाडतात, टोकाच्या आरशांवरून परत आणतात आणि दोन्ही किरणांचा मेळ बरोबर बसतो की नाही, ते पाहतात. लहर आली म्हणजे एक बाहू किंचित लांब व दुसरा किंचित आखूड होतो आणि मेळ बिघडतो. हा फरक प्रोटॉनाच्या व्यासाच्या सहस्रांशाहून लहान असला, तरीही तो मोजता येतो. अशी पहिली लहर १४ सप्टेंबर २०१५ रोजी मिळाली. ती दोन कृष्णविवरांच्या मीलनाची होती. या कार्यासाठी राइनर वाइस, बॅरी बॅरिश व किप थॉर्न यांस २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता आपल्या मुख्य विषयाकडे, म्हणजे न्यूट्रॉन ताऱ्याकडे वळू.

तारा म्हणजे स्वतःच्या भारानेच खचू पाहणारा आणि आतील उष्णतेमुळे तग धरणारा वायूचा गोळा होय. इंधन संपले की भार जिंकतो. आपल्या सूर्यासारखा तारा शेवटी लहानसा श्वेत बटू होऊन राहतो. परंतु अशा बटूलाही सुमारे १.४ सूर्यांपलीकडचा भार पेलत नाही, हे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर या आपल्या देशबांधवाने ऐन विशीत गणिताने दाखवून दिले. पुढे १९८३ मध्ये त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. याहून मोठ्या ताऱ्याचा गाभा जेव्हा कोसळतो, तेव्हा इलेक्ट्रॉन हे प्रोटॉनांत दाबले जाऊन न्यूट्रॉन बनतात. न्यूट्रॉन या कणाचा शोध जेम्स चॅडविक यांनी १९३२ मध्ये लावला. आणि लगेच १९३४ मध्ये वाल्टर बाडे व फ्रिट्झ झ्विकी यांनी, केवळ न्यूट्रॉनांचेच तारे असावेत, ही कल्पना प्रसिद्ध केली. ती बराच काळ कल्पनाच राहिली. १९६७ मध्ये केंब्रिज येथे जोसेलिन बेल या विद्यार्थिनीस आकाशातून ठराविक कालाने येणारी रेडिओ स्पंदने आढळली, तेव्हा असे तारे खरोखरच आहेत, याची खूण पटली.

या ताऱ्याचे स्वरूप कसे? व्यास सुमारे चोवीस किलोमीटर, म्हणजे मोटारीने अर्ध्या तासात ओलांडता येईल एवढा. आणि त्यात भरलेले द्रव्य किती? सुमारे दीड सूर्याएवढे, म्हणजे साडेचार लाखांहून अधिक पृथ्वी! आपला जिल्हा धानाचा. म्हणून हिशेब तांदळाच्या दाण्यानेच करू. या ताऱ्याचे द्रव्य तांदळाच्या एका दाण्याएवढे घेतले, तर त्याचे वजन सुमारे साठ लाख टन भरेल. मालगाडीचा एक डबा साठ टन माल वाहतो असे धरले, तर त्या एका दाण्यासाठी एक लाख डबे लागतील. गोंदियाच्या स्थानकावरून मालगाड्या जाताना आपण नेहमी पाहतो. त्यावरून ही संख्या मनात आणून पाहावी.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. इतके दाबलेले द्रव्य असते तरी कसे? ताऱ्याच्या कवचाविषयी शास्त्रज्ञांस बरीच कल्पना आहे. वर अणुकेंद्रांचा कठीण थर, त्याखाली अणुकेंद्रे दबून शेवयांसारखी लांबट व पत्र्यांसारखी चपटी झालेली असावीत, असे गणित सांगते. परंतु अगदी आत, जेथे घनता अणुकेंद्राच्याही कित्येक पट होते, तेथे न्यूट्रॉन हे न्यूट्रॉन म्हणून टिकतात काय? की ते फुटून त्यांच्या पोटातील क्वार्क मोकळे होतात? की हायपेरॉन नावाचे निराळेच कण तेथे जन्म घेतात? पृथ्वीवरील कोणत्याही प्रयोगशाळेत असे थंड आणि असे घन द्रव्य तयार करता येत नाही. ताऱ्याच्या पोटातून प्रकाशही बाहेर येत नाही. जी वस्तू हाती घेता येत नाही आणि डोळ्यांस दिसत नाही, तिची परीक्षा करावी तरी कशी?

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. गृहिणी सारा भात ढवळत बसत नाही. एक शीत उचलते आणि दोन बोटांत दाबून पाहते. ते सहज दबले तर भात शिजला, न दबले तर अद्याप कच्चा. दाबल्यावर वस्तू किती दबते, यावरून तिचे अंतरंग कळते, हे तत्त्व आपल्या माताभगिनी रोज चुलीपुढे वापरीत असतात. न्यूट्रॉन ताऱ्याचीही परीक्षा तशीच करावयाची. अडचण एवढीच की, त्यास दाबण्याइतके बळकट बोट आपल्यापाशी नाही. असे बोट एकच: दुसरा न्यूट्रॉन तारा.

समुद्राला भरतीओहोटी येते, हे सर्वांस ठाऊक आहे. चंद्र पृथ्वीच्या जवळच्या बाजूस अधिक आणि पलीकडच्या बाजूस कमी ओढतो. त्यामुळे पाणी दोन्हीकडे फुगते. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती फिरत फिरत जवळ येऊ लागले म्हणजे तेही परस्परांस असेच ओढतात. तारा मऊ व फुगीर असेल, तर तो अंड्यासारखा लांबट होतो. कठीण व आटोपशीर असेल, तर फारसा बदलत नाही. लांबट होण्यात शक्ती खर्च होते, आणि लांबट ताऱ्यांच्या फिरण्याने लहरीही अधिक जोमाने उठतात. या दोन्ही कारणांनी ते तारे थोडे अधिक लवकर एकमेकांवर आदळतात. म्हणजेच शेवटच्या लहरींचा ताल थोडासा बदलतो. तो बदल मोजला की ताऱ्याचे अंतरंग मऊ की कठीण, ते कळते. हा परिणाम ताऱ्याच्या त्रिज्येवर फार तीव्रपणे अवलंबून असतो. तो साधारणपणे त्रिज्येच्या पाचव्या घाताने वाढतो. म्हणजे त्रिज्या केवळ दशांशाने वाढली, तरी परिणाम दीडपटीहून अधिक होतो. म्हणूनच हे माप इतके उपयोगी पडते.

असा प्रसंग १७ ऑगस्ट २०१७ रोजी आला. आपल्याकडे श्रावण चालू होता, आणि घड्याळात सायंकाळचे सहा वाजून अकरा मिनिटे झाली होती. त्या वेळी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाची लहर पृथ्वीवरून गेली. पूर्वीच्या कृष्णविवरांच्या लहरी क्षणार्धात संपल्या होत्या. ही मात्र सुमारे शंभर सेकंद ऐकू आली आणि तेवढ्यात तिची सुमारे तीन हजार आवर्तने नोंदली गेली. आरंभी मंद, पुढे जलद, अखेरीस अतिजलद. या आवर्तनांचे ध्वनीत रूपांतर केले, तर पक्ष्याच्या चढत जाणाऱ्या शिळेसारखा आवाज होतो. त्यानंतर १.७ सेकंदांनी फर्मी या उपग्रहास गॅमा किरणांचा झोत आढळला. इटलीतील 'व्हर्गो' वेधशाळेची जोड मिळाल्यामुळे दिशा बरीच निश्चित झाली, आणि सुमारे अकरा तासांनी चिली देशातील दुर्बिणीस वासुकी तारकासमूहातील एन. जी. सी. ४९९३ या दीर्घिकेत नवा प्रकाश दिसला. तेरा कोटी वर्षांपूर्वी घडलेली घटना त्या दिवशी आपल्यापर्यंत पोहोचली होती. पुढील काळात आपल्या पुणे जिल्ह्यातील नारायणगावाजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीनेही, तिच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांसह, या घटनेच्या मावळत्या प्रकाशाचे रेडिओ लहरींत निरीक्षण केले.

या लहरींनी काय सांगितले? पहिली गोष्ट ही की, तारे फार लांबट झाले नाहीत. जी गणिते न्यूट्रॉन ताऱ्यास मोठा, फुगीर व सैल मानीत होती, ती या एका निरीक्षणाने बाद झाली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात या ताऱ्यांची त्रिज्या सुमारे १२ किलोमीटर, दीड किलोमीटर इकडे किंवा तिकडे, अशी निघाली. तेरा कोटी प्रकाशवर्षांवरील वस्तूचे माप दीड किलोमीटरच्या फरकाने सांगता यावे, ही गोष्ट मला तरी विस्मयकारक वाटते.

परंतु शहाणा पंच एका साक्षीवर निकाल देत नाही. दुसरी साक्ष उलट बाजूची आहे. २०१० व २०१३ मध्ये असे न्यूट्रॉन तारे मोजले गेले की, ज्यांचे वस्तुमान सुमारे दोन सूर्यांएवढे आहे. अंतरंग फार मऊ असते, तर एवढ्या भाराखाली ते खचून त्यांचे कृष्णविवर झाले असते. तिसरी साक्ष अंतराळस्थानकावरील 'नायसर' या क्ष-किरण दुर्बिणीची. तिने २०१९ मध्ये सुमारे १.४ सूर्यांच्या एका ताऱ्याची त्रिज्या १३ किलोमीटरच्या आसपास सांगितली, आणि २०२१ मध्ये २.०८ सूर्यांच्या ताऱ्याची त्रिज्याही जवळजवळ तेवढीच निघाली. भार दीडपट होऊनही तारा लहान झाला नाही!

या तिन्ही साक्षी एकत्र वाचल्या की निष्पन्न होते ते असे: हे द्रव्य बाहेरच्या भागात फार ताठर नाही, परंतु गाभ्याकडे जाता जाता त्याचा प्रतिकार झपाट्याने वाढत जातो. थोडे दाबले तर ऐकते, फार दाबू गेले तर ताठ उभे राहते. गाभ्यात क्वार्क मोकळे आहेत की नाहीत, याचा निर्णय मात्र अद्याप व्हावयाचा आहे. तो कोठे दडला आहे, तेही ठाऊक आहे. दोन तारे एकमेकांवर आदळल्यानंतर जो नवा गोळा थरथरतो, त्या थरथरीच्या लहरींत तो आहे. परंतु त्या लहरी एका सेकंदास हजाराहून अधिक आवर्तनांच्या असतात, आणि तेवढ्या जलद लहरी स्पष्ट ऐकण्याइतके आजच्या वेधशाळांचे कान तीक्ष्ण नाहीत. २०१७ मध्ये ताऱ्यांची टक्कर ऐकू आली. टकरीनंतर काय उरले, ते ऐकू आले नाही.

येथे आपल्या देशाचा संबंध येतो. लहरीची दिशा व स्वरूप नीट कळण्यास पृथ्वीवर दूरदूरच्या ठिकाणी वेधशाळा हव्यात. अमेरिकेत दोन, इटलीत एक, जपानात 'काग्रा' नावाची एक अशा त्या आहेत. आणि पुढची वेधशाळा आपल्या महाराष्ट्रात, औंढा नागनाथजवळ व्हावयाची आहे. ज्योतिर्लिंगामुळे ते नाव आपणांस परिचित आहेच. तेथील जमीन शांत आहे. मोठ्या वर्दळीचा थरकाप तेथे पोहोचत नाही. 'लायगो-इंडिया' या प्रकल्पास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मान्यता दिली, आणि ११ मे २०२३ रोजी त्याची पायाभरणी झाली.

हे आकस्मिक घडलेले नाही. कोल्हापूरचे विष्णू वासुदेव नारळीकर यांनी बनारस येथे आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताचे अध्यापन व संशोधन केले. त्यांचे सुपुत्र डॉ. जयंत नारळीकर यांनी १९८८ मध्ये पुण्यास 'आयुका' ही संस्था उभी केली. २०२५ च्या मे महिन्यात ते आपणांतून गेले. याच संस्थेत संजीव धुरंधर व बी. एस. सत्यप्रकाश यांनी, गोंगाटात बुडालेली लहर गणिताच्या चाळणीने कशी वेगळी करावी, यावर १९९१ मध्ये, म्हणजे पहिली लहर सापडण्याच्या चोवीस वर्षे आधी, शोधनिबंध प्रसिद्ध केला. धान लावणारा चार महिन्यांनी कापणी करतो. हे पीक एका पिढीने लावले व दुसरीने कापले.

"मास्तर, याने धानाला भाव वाढेल काय?" असे मला पुष्कळांनी विचारले आहे. नाही वाढणार. तसे आश्वासन मी देणार नाही. परंतु जी वेधशाळा होत आहे, तीत केवळ मोठे गणिती लागणार नाहीत. मैलोगणती निर्वात नळी जोडणारे, लेझर व आरसे सांभाळणारे, विद्युत्-यंत्रे व संगणक चालविणारे कुशल हात तेथे लागणार आहेत. ते हात कोठून तरी येतीलच. प्रश्न इतकाच की, ते आपल्या झाडीपट्टीतून जाणार की नाही.

माझ्या वर्गात अनेक वर्षांपूर्वी एक मुलगी होती. गणितात तिचा हात धरणारा वर्गात कोणी नव्हता. एकदा तिने विचारले, "गुरुजी, पृथ्वीच्या पोटात कोणी गेले नाही, तर आत काय आहे ते पुस्तकात कसे लिहिले?" मी तिला भूकंपाच्या लहरींची गोष्ट सांगितली. आज मी तुम्हांस जे सांगितले, त्याचेच ते धाकटे भावंड होय. दहावीत ती उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली. विज्ञानशाखा दूरच्या गावी. तेथे राहण्याची सोय नाही. आणि घरी पुढची दोन भावंडे. वर्षभरात तिचे लग्न झाले. तिच्या वडिलांस मी दोष देत नाही. त्यांच्या हाती दुसरे काही नव्हते. परंतु समाज म्हणून आपल्या हाती काही होते काय, हा प्रश्न मला अद्याप सोडीत नाही.

म्हणून माझी या सभेपुढे दोन नम्र सूचना आहेत. आपण दरवर्षी गुणवंतांस शाल, श्रीफळ व प्रशस्तिपत्र देतो, ते अवश्य द्यावे. परंतु दहावीनंतर विज्ञान किंवा तांत्रिक शिक्षण घेणाऱ्या निदान दोन मुलींच्या व दोन मुलांच्या वसतिगृहाचा खर्च समाजाने दोन वर्षे उचलावा. दुसरे असे की, दरवर्षी काही विद्यार्थ्यांस खोडदची दुर्बीण व पुण्याची आयुका दाखवून आणावी. आणि औंढ्याची वेधशाळा उभी राहिली म्हणजे तीही. रकमेचा हिशेब मी लिहून आणला आहे. तो कोषाध्यक्षांकडे देतो.

बंधुभगिनींनो, ज्या पूर्वजांनी हा बांध घातला, त्यांनी पुढच्या शेकडो वर्षांच्या पिकाची तरतूद केली. त्यांनी स्वतः त्यातले किती पीक खाल्ले असेल? आपणही एखादी पाळ घालावी, एवढेच माझे मागणे आहे.